खुर्द्याची नावं

गेममधलं मरण हे साधारणपणे फार किरकोळ प्रकरण असतं. मारिओ खड्ड्यात पडतो, एक आयुष्य कमी होतं, आणि मारिओ पुन्हा पहिल्यापासून टुणटुण उड्या मारत निघतो. त्याला काही वाटत नाही, आपल्यालाही नाही. आज ज्या गेम्सबद्दल लिहायचंय त्यांत मात्र मेलेला माणूस मेलेलाच राहतो. आणि त्यामुळे खेळणाऱ्याच्या डोक्यात जे काय होतं, त्याचं मला गेली वीसेक वर्षं कुतूहल आहे. गेम्स खेळत नसाल तरी वाचा. तांत्रिक भाग लवकर उरकतो.

या प्रकाराला स्ट्रॅटेजी आरपीजी म्हणतात. अर्धं बुद्धिबळ, अर्धी कादंबरी असं समजा. चौकोनांचा पट असतो, आधी तुमची खेळी, मग शत्रूची. पण पटावरच्या प्रत्येक सोंगटीला नाव असतं, चेहरा असतं, स्वभाव असतो. कोणी भित्रा घोडेस्वार, कोणी कर्जबाजारी भाडोत्री सैनिक, कोणी एकमेकींवर रुसलेल्या बहिणी. शेजारी शेजारी उभं राहून लढले की त्यांची मैत्री वाढते, मग लढाईत मधेच थांबून दोघं गप्पा मारतात. आणि या जातीतली सगळ्यांत प्रसिद्ध मालिका, फायर एम्ब्लेम, तिचा नियम असा की लढाईत माणूस पडला की गेला. जाताना एखाद-दुसरं वाक्य बोलतो आणि पटावरून नाहीसा होतो. पुढच्या लढाईत नाही, त्याच्या पुढच्या लढाईतही नाही. त्याच्या अर्धवट राहिलेल्या गप्पाही तिथेच राहतात. याला म्हणतात पर्माडेथ, म्हणजे कायमचं मरण.

बुद्धिबळात प्यादं मेलं तर कोणी हळहळत नाही. उलट दोन प्यादी देऊन हत्ती मिळाला की आपण स्वतःवर खूश. हिशोबच तसा असतो. पानिपतानंतर १७६१ मध्ये पेशव्यांच्या हाती पडलेला तो सांकेतिक निरोप आपण सगळ्यांनीच शाळेत वाचलाय. मोती किती गळाले ते त्यात होतं, मोहरा किती हरवल्या तेही होतं, खुर्द्याची मात्र गणती नव्हती. लिहिणाऱ्याला दोष द्यायचं कारण नाही. युद्धाचा हिशोब जगात सगळीकडे असाच होतो. मोती नावाने, मोहरा आकड्याने, आणि खुर्दा 'वगैरे'मध्ये. फायर एम्ब्लेमने काय केलं, तर खुर्द्याला नावं दिली. माझ्या मते या मालिकेतली सगळी जादू आणि सगळी डोकेदुखी इथूनच सुरू होते.

पहिला गेम २० एप्रिल १९९० ला जपानमध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर आला. (आपल्याकडे 'टीव्ही गेम' म्हणून ज्याच्या नकला घरोघर होत्या, तोच हा फॅमिकॉम.) बनवणारी कंपनी इंटेलिजंट सिस्टिम्स, रचना आणि कथा शोझो कागा यांची. गोष्ट मार्थ नावाच्या, राज्य गमावलेल्या राजपुत्राची. तो मेला की गेम संपला, पण बाकी कोणीही मेलं तरी गोष्ट पुढे चालू. सैन्यात येऊ शकणारी माणसं पन्नासहून जास्त, आणि एका लढाईत उतरवता येतात त्यातली थोडीच. आमच्या धंद्यात याला रिडंडन्सी म्हणतात. एक सर्व्हर पडणार हे धरूनच चार जास्तीचे ठेवायचे. म्हणजे गेम बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं की तुमची माणसं पडणार, आणि तुम्ही उरलेल्यांना घेऊन पुढे जाणार.

त्याच गेममध्ये अगदी शेवटाकडे एक जादूची काठी आहे. इंग्रजीत तिचं स्पेलिंग ए-यू-एम असं केलंय, म्हणजे आपला ओमच. ही काठी मेलेल्याला परत आणते. पण एकदाच, आणि एकालाच. आता विचार करा, वीसेक लढाया झाल्यात, तुमच्याकडे मेलेल्यांची बऱ्यापैकी मोठी यादी आहे आणि हातात एक ओम आहे. कोणाला आणाल? सगळ्यांत तगड्या योद्ध्याला, की दुसऱ्या लढाईत गेलेल्या त्या बिचाऱ्या पोराला, ज्याचा आता लढाईत काडीचा उपयोग नाही? बुद्धिबळ हा प्रश्न विचारूच शकत नाही.

कायमचं मरण ही कल्पना काही कागांची नव्हे. १९८१ च्या विझर्ड्रीमध्ये मेलेल्याला देवळात नेऊन जिवंत करता यायचं, पण विधी फसला की त्याची राख व्हायची, आणि राखेवरचा विधीही फसला की तो कायमचा गेला. त्याच्याही आधी, १९८० च्या आसपास, युनिक्सवर रोग नावाचा गेम होता. त्यात खेळ अर्धवट सेव्ह करता यायचा, पण परत सुरू केलात की ती सेव्हची फाईल गेम स्वतःच पुसून टाकायचा. म्हणजे सेव्ह होतं ते पुस्तकात खूण घालून ठेवण्यापुरतं, मागे फिरण्यासाठी नाही. मला हे फार आवडतं. एका ओळीच्या कोडने केवढं तत्त्वज्ञान सांगितलंय! अर्थात युनिक्सवर बसणारी मंडळी ती, त्यांनी आधी फाईलची कॉपी करून ठेवायला सुरुवात केली. या उद्योगाला पुढे 'सेव्ह-स्कमिंग' असं नाव पडलं.

आणि हीच खरी गोम आहे. मला माहीत असलेल्या फायर एम्ब्लेमवाल्यांपैकी बहुतेकांच्या गेममध्ये कोणीच मरत नाही! कारण कोणी मेलं की ते रीसेट करतात. गेम बॉय ॲडव्हान्सवरच्या फायर एम्ब्लेममध्ये (२००३ मध्ये जपानबाहेर आलेला मालिकेतला पहिला गेम) प्रत्येक खेळीनंतर गेम गुपचूप सगळी स्थिती लिहून ठेवतो. त्यामुळे बंद करून चालू केलं तरी मेलेला मेलेलाच. मग उरतो एकच मार्ग, अख्खा चॅप्टर पहिल्यापासून. चाळीस मिनिटं नीट खेळलात, शेवटच्या खेळीत कुठल्यातरी फालतू धनुर्धराचा नेम लागला, वैद्य पोरगी गेली... की चाळीस मिनिटं पाण्यात. म्हणजे बनवणाऱ्यांनी ठेवलेली शिक्षा होती मरणाची, आणि लोक भरतात वेळेचा दंड. वाहतूक पोलिसाला पावती फाडून पुढे जावं तसं.

इथे एक गणिती गंमत सांगतो, राहवत नाही. या गेममध्ये हल्ल्याआधी नेम लागण्याची शक्यता टक्क्यांत दाखवतात. २००२ च्या गेमपासून त्यांनी काय केलं, तर ० ते ९९ मधला एक आकडा काढण्याऐवजी दोन काढायचे आणि त्यांची सरासरी घ्यायची. सरासरी दाखवलेल्या आकड्यापेक्षा कमी आली तर नेम लागला. दोन आकड्यांची सरासरी मधल्या भागात जास्त वेळा पडते, त्यामुळे स्क्रीनवर ९० टक्के दिसत असतील तर खरी शक्यता निघते ९८.१ टक्के. १० टक्के दिसत असतील तर खरी फक्त २.१. (कागद-पेन्सिल घेऊन १०० गुणिले १०० चा तक्ता मांडून बघा, शाळेच्या गणितात सुटतं.) खोटं बोलतोय गेम, पण प्रेमाने. कारण ९० टक्के म्हणजे 'लागणारच' असं आपल्याला वाटतं, आणि दहातला एक चुकला की आपण गेमला शिव्या घालतो. माणसाला शक्यता कळत नाहीत, म्हणून शक्यताच माणसाच्या समजुतीला जुळवून घेतल्या. आणि याचा फायदा बहुतेक वेळा आपल्यालाच मिळतो, कारण आपले नेम चांगले आणि शत्रूचे वाईट असतात. म्हणजे एकीकडे कायमच्या मरणाचा धाक घालायचा आणि दुसरीकडे पोरं फार मरू नयेत म्हणून टेबलाखालून हात द्यायचा. अगदी आपल्या आयांसारखं.

लोक रीसेट करतात हे बनवणाऱ्यांना काय दिसत नव्हतं? दिसतच होतं. त्यावर त्यांनी तीस-पस्तीस वर्षांत काय काय उपाय केले ते बघण्यासारखं आहे. पहिल्या गेमची नवी आवृत्ती २००८ मध्ये निन्टेन्डो डीएसवर आली. तिच्यात काही जास्तीचे चॅप्टर ठेवले, पण ते उघडायची अट काय, तर तुमच्याकडे पंधरा किंवा त्याहून कमी माणसं उरलेली हवीत. हेतू चांगला होता. ज्याची माणसं गेली त्याला थोडी भरपाई. प्रत्यक्षात लोकांनी काय करावं? नवे चॅप्टर बघायला मिळावेत म्हणून आपलीच माणसं मुद्दाम शत्रूच्या तोंडी द्यायला सुरुवात केली! बग मोजून बक्षीस द्यायला लागलं की बग वाढतात, हे ज्यांनी ऑफिसात पाहिलंय त्यांना आश्चर्य वाटणार नाही.

मग २०१० मध्ये त्यांनी हार मानली, किंवा शहाणपण केलं, काय म्हणायचं ते म्हणा. त्या वर्षीच्या गेममध्ये पहिल्यांदा 'कॅज्युअल' मोड आला. पडलेला माणूस लढाई संपली की परत. २०१२ च्या अवेकनिंगमध्येही तो होता. विक्री अडीच लाखांच्या खाली गेली तर मालिका बंद, अशी तेव्हा टांगती तलवार होती, हे निर्मात्यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं. गेम त्याच्या कितीतरी पट खपला आणि मालिका वाचली. २०१५ मध्ये तर 'फीनिक्स' मोड आला, त्यात पडलेला माणूस पुढच्याच खेळीला उठून उभा. २०१७ पासून काळ मागे फिरवायची सोय आली. चार खेळ्या मागे जा आणि वेगळं काहीतरी करा. पण एका लढाईत मोजक्याच वेळा. २०१९ च्या थ्री हाउसेसमध्येही तेच.

हा शेवटचा उपाय मला इंजिनियर म्हणून सगळ्यांत पटतो. अनडू द्या, पण मोजून द्या. हात घसरून चुकीच्या चौकोनात गेलात, माफ. पण सगळे अनडू पहिल्या अर्ध्या तासात उधळलेत तर शेवटची लढाई कच्च्या धाग्यावर. १९९७ च्या फायनल फँटसी टॅक्टिक्सनेही असाच मधला मार्ग काढला होता. माणूस पडला की त्याच्या डोक्यावर ३ चा आकडा येतो, मग २, मग १. तेवढ्यात कोणी पोचलं तर वाचतो, नाहीतर त्याचा स्फटिक होतो नाहीतर खजिन्याची पेटी. त्या तीन पाळ्यांत लढाई बाजूला राहते आणि सगळं सैन्य एका माणसासाठी धावत सुटतं.

उलट टोकाचं उदाहरण २०१६ च्या डार्केस्ट डंजनचं. तिथे गेम सतत स्वतःच सेव्ह करतो, त्यामुळे मागे जाऊन मेलेल्याला वाचवण्याची सोयच नाही. गावात दफनभूमीसुद्धा आहे. मग तिथे प्रत्येक मरण जास्त लागायला हवं ना? माझा अनुभव उलटा. कारण दर आठवड्याला घोडागाडीतून नवे लोक येतात, फुकटात. चार दिवसांत मी त्यांना नुसतंच 'तो दुसरा डॉक्टर' म्हणायला लागलो, वापरायला लागलो, काढून टाकायला लागलो. मरण कायमचं होतं, पण माणसं पुन्हा खुर्दा झाली होती. म्हणजे नुसता कडक नियम पुरत नाही. नाव लागतं. आणि ते नाव तोंडात बसायला थोडा सहवास लागतो.

नाव म्हणजे काय चीज आहे हे मला एक्सकॉमने दाखवलं. १९९४ चा ज्युलियन गॉलॉप यांचा मूळ गेम, त्याची फायरॅक्सिसने २०१२ मध्ये केलेली नवी आवृत्ती. परग्रहवासी पृथ्वीवर आलेत आणि तुमच्याकडे मूठभर सैनिक. यात सैनिकांना ठरलेली गोष्ट नसते, गेम कुठलीतरी नावं चिकटवून देतो. पण नाव बदलता येतं. झालं! जगभर लोकांनी आपले मित्र, बायको, बॉस सगळ्यांना भरती केलं. मीही अख्खी टीम घातली. मॅनेजरला अर्थातच सगळ्यांत पुढे उभं करायचो. :)

आमच्या टीममध्ये एक टेस्टर होता. वयाने मोठा, सगळे त्याला दादा म्हणायचे. त्याच्या नावाचा माझा स्नायपर होता, आणि नेम असा की विचारू नका. दादा स्वतः कधी गेम खेळला नाही, पण दर सोमवारी चहाच्या टपरीवर विचारायचा, "काय रे, मी आहे का अजून?" मी म्हणायचो, "आहेस की, काल तिघांना उडवलंस." "मग इन्क्रिमेंट द्या म्हणावं!" लॉकडाऊन लागल्यावर हाच प्रश्न व्हॉट्सॲपवर यायला लागला. मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, दादा गेला. अकरा दिवसांत. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, त्या दोन महिन्यांबद्दल लिहिण्यासारखं बऱ्याच घरांत काहीतरी आहे.

माझ्या लॅपटॉपवर मात्र तो जिवंत होता. मी आयर्नमॅन मोडमध्ये खेळत होतो. त्यात एकच सेव्ह असतो, तो गेम स्वतः करतो, आणि प्रत्येक गोष्ट झाल्या झाल्या लिहिली जाते. मागे जाणं नाही. मी तो गेम बंद केला आणि दीड वर्षं उघडला नाही. त्या काळात थ्री हाउसेस खेळलो, कॅज्युअल मोडमध्ये. लढाई संपली की पडलेले सगळे परत यायचे, आणि त्यांना चहाला बोलवायची सोय आहे त्या गेममध्ये, तर मी निवांत चहा पाजत बसायचो. कॅज्युअलवाल्यांना जे लोक हिणवतात त्यांच्याशी माझं तेव्हापासून पटत नाही. कोणाला कधी काय हवं असतं ते आपल्याला काय माहीत.

२०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत एक्सकॉम परत उघडला. पहिला विचार आला तो दादाला तळावरच ठेवायचा. मोहिमेवर न्यायचंच नाही, म्हणजे काही होणार नाही. तसं दोन मोहिमा केलंही. पण यादीत त्याचं नाव नुसतं तसंच पडून राहिलेलं बघवेना. न खेळणारी सोंगटी म्हणजे भिंतीवरचा फोटो, आणि दादा काही फोटोसारखा गप्प बसणारा माणूस नव्हता. नेलं त्याला. मोहिमेआधी सेव्हच्या फाईलची कॉपी करून ठेवणं दहा सेकंदांचं काम होतं. ती फाईल कुठल्या फोल्डरमध्ये असते ते मला ठाऊक आहे, आणि बॅकअप घेतल्याशिवाय एरवी मी पाणीसुद्धा पीत नाही. घेतली नाही. विसरलो असं नाही, घेतली नाही. चौथ्या मोहिमेत स्नायपर गेला. तळावर एक स्मृतिभिंत आहे, तिच्यावर नाव आलं, किती मोहिमा, किती शत्रू टिपले. आकडा भरघोस होता. खूप वाईट वाटलं. आणि ते वाटून झाल्यावर, खरं सांगतो, जरा हलकंही वाटलं. "मी आहे का अजून?" या प्रश्नाचं उत्तर मी दीड वर्षं फाईल बंद ठेवून टाळत होतो.

त्याच्या जागी एक नवखं पोरगं आलं. त्याचा एक नेम धड लागेना. पुढचे पाच-सहा शनिवार-रविवार त्याला सांभाळत, शिव्या देत, शिकवत मी मोहीम पूर्ण केली. हा भाग गेममध्ये सगळ्यांत जास्त आवडला, आणि हा भाग रीसेट करणाऱ्याला कधीच दिसत नाही. कागांनी पन्नास माणसं दिली होती ती याच भागासाठी, असं आता वाटतं. मरण कायमचं ठेवलं म्हणजे दुःख विकता येतं असा त्यांचा हिशोब नसावा. कोणीतरी गेल्यावर उरलेल्यांची मांडणी बदलते. दुय्यम माणसाला पुढे यावं लागतं, आपल्याला त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघावं लागतं. ही गोष्ट कोणी लिहून ठेवलेली नसते, ती तुमच्याच पटावर तयार होते.

आणि कुलूप मशीनमध्ये कधीच नव्हतं. रोगच्या काळात कॉपी होती, फॅमिकॉमला रीसेटचं बटण होतं, आज अनडू आहे. मरण कायमचं आहे की नाही, हे शेवटी खेळणाराच ठरवतो.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी पडलं आणि हात रीसेटकडे गेला, तर एक करा. फक्त पुढचे तीन चॅप्टर त्याच्याशिवाय खेळून बघा. नाही जमलं तर जुना सेव्ह आहेच. पण त्या तीन चॅप्टरमध्ये ज्याचं नाव तुम्हाला आजवर धड आठवत नव्हतं, असा कोणीतरी बहुतेक एखादी लढाई जिंकून देईल.